पानशेत ते माडबन

११ जुलै १९६१च्या रात्री अंबी नदीच्या खोऱ्यात पाऊस कोसळत होता आणि पानशेतच्या मातीच्या धरणावर लष्कराचे जवान वाळूची पोती रचत होते. धरण पूर्ण झालेलं नव्हतं. बांधाचा एक भाग खचत चालला होता. जिथे तो खचत होता, तिथेच खाली धरणाच्या पोटातून पाणी बाहेर सोडणारी मोरी होती. मोरीची दारं वर-खाली करणारी यंत्रणा पुरती बसलेली नव्हती, आणि काँक्रीटमध्ये जे लोखंड असायला हवं होतं तेही नव्हतं. अर्धवट उघड्या दारांखालून पाणी सुसाट धावत होतं, मोरी हादरत होती आणि तिच्यावरची माती खाली बसत होती. माती जेवढी बसे तेवढी पोती जवान वर चढवत. धरणात मागून पाणी वाढतच होतं. रात्रभर ही झुंज चालली. १२ जुलैच्या सकाळी पाण्याने बांध ओलांडला आणि पानशेत फुटलं.

ते पाणी खाली खडकवासल्याच्या जलाशयात आलं. खडकवासल्याचं धरण १८७९चं, दगडी आणि मजबूत. पण हा लोंढा त्यालाही पेलवला नाही आणि त्याच दिवशी तेही फुटलं. पुण्यात त्या सकाळी शाळा-कचेऱ्या नेहमीसारख्या भरल्या होत्या. नदीकाठच्या पेठांना वेळेवर आणि नीट सूचना मिळालीच नाही. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार या पेठांतले वाडेच्या वाडे पाण्याने ओढून नेले. पुढे पूरग्रस्तांसाठी वसाहती उभ्या राहिल्या. गोखलेनगर, सहकारनगर ही नावं पुणेकर आज सहज घेतात, त्यामागे तो दिवस आहे.

पानशेतवर पुण्यात पुष्कळ लिहिलं गेलं. त्या लिखाणात पूर पुण्याचा असतो आणि धरण फक्त त्याच्या उगमाशी. पण पानशेत हे गाव वेल्हे तालुक्यातलं, म्हणजे आता ज्याचं नाव राजगड झालं त्या तालुक्यातलं. धरण फुटण्याआधी त्या खोऱ्यातली गावं उठवून झाली होती. भातखाचरं, देवळं, वाड्या-वस्त्या सोडून माणसं दौंड-हवेलीकडच्या अनोळखी माळांवर गेली होती. धरण सुरक्षित आहे की नाही, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि सांगितलंही नव्हतं. पुणेकरांनाही नाही. धरणाचं काम १९६२ मध्ये पूर्ण व्हायचं होतं, पण १९६१च्या पावसाळ्यातच पाणी अडवायचं ठरलं. तो निर्णय ज्यांच्या डोक्यावर कोसळला, त्यांच्यापैकी एकालाही त्याची कल्पना नव्हती. फुटीची चौकशी आधी न्यायमूर्ती बावडेकर यांच्याकडे होती; त्यांच्या अकाली मृत्यूनंतर न्यायमूर्ती नाईक यांच्या आयोगाने ती पुरी केली. धरण पुन्हा बांधलं गेलं, तानाजीसागर या नावाने भरूही लागलं.

भोर-वेल्ह्याच्या माणसाला मोठे प्रकल्प नवे नाहीत. भोर संस्थानातल्या भाटघरचं पहिलं धरण एकोणिसाव्या शतकातलं. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या जागी मोठं लॉइड धरण उभं राहिलं आणि नीरेच्या कालव्यांनी खालचा दुष्काळी मुलूख भिजवला. त्या पाण्याखाली गेलेलं वेळवंडी नदीतलं कांबरेश्वराचं देऊळ ऐन उन्हाळ्यात पाणी ओसरलं की आजही उघडं पडतं आणि लोक दर्शनाला चिखलातून चालत जातात. नीरा-देवघर, गुंजवणी, वरसगाव ही पुढची नावं. वरच्या डोंगरांत पाऊस, मधल्या खोऱ्यांत धरणं आणि खालच्या शहरांत नळ व कारखाने, अशी या भागाची वाटणी शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेली आहे.

या वाटणीला पहिला संघटित नकार शेजारच्या मुळशीने दिला. टाटा कंपनी मुळा-निळेच्या संगमाजवळ विजेसाठी धरण बांधत होती. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे आपल्याच जमिनीवर चाललेल्या कामावर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्यांचे पुढारी. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. ‘जान किंवा जमीन’ अशी शपथ होती. कंपनीने पैसे देऊ केले, सरकारने कायदा दाखवला, शहरातल्या पुढाऱ्यांत फूट पडली आणि १९२४ अखेर सत्याग्रह संपला. धरण झालं, गावं बुडाली. मुंबईच्या गिरण्यांना आणि दिव्यांना वीज मिळाली. मुळशीकर हरले, हे खरं. पण वीज कुणासाठी आणि तिची किंमत कोण मोजणार, हा प्रश्न महाराष्ट्रात प्रथम तिथे उभा राहिला. अणुवीज, औष्णिक वीज, पवनचक्क्या यांवरच्या आजच्या प्रत्येक वादाच्या बुडाशी तोच प्रश्न आहे.

नव्वद वर्षांनी तो पुन्हा विचारला गेला, सह्याद्रीच्या पलीकडच्या उतारावर. भोरहून वरंध घाट उतरला की महाड लागतं. तिथून दक्षिणेला कोकणची वाट धरली की रत्नागिरी जिल्ह्याच्या टोकाला राजापूर तालुका आणि त्याच्या समुद्रकाठावर माडबन.

माडबनचा सडा ज्याने पाहिला नसेल त्याच्या डोळ्यांसमोर ‘पडीक जमीन’ या सरकारी शब्दाने वेगळंच चित्र उभं राहील. जांभ्या दगडाचं सपाट पठार समुद्रावर येऊन तुटतं. उन्हाळ्यात तो कातळ काळा आणि भाजका दिसतो. पाऊस पडला की त्याच कातळावर गवत उगवतं, बारीक रानफुलांचे गालिचे पसरतात. जिथे मातीचा थर मिळेल तिथे नाचणी, कुळीथ होतं. उतारांवर हापूसची आणि काजूची कलमं. कातळ फोडून, खड्ड्यात माती भरून, हंड्यांनी पाणी घालून वाढवलेली. खाडीपलीकडे साखरी नाटे, मच्छीमारांचं मोठं गाव. बंदरात बोटी दाटीने लागलेल्या असतात आणि घराघराचा हिशोब समुद्रावर चालतो. जमीन माडबन-मिठगवाण्याच्या शेतकऱ्यांची आणि समुद्र साखरी नाट्याच्या कोळ्यांचा. पुढे झालेल्या लढ्याचं बळ या दोघांच्या एकत्र येण्यात होतं, आणि त्यात हिंदू शेतकरी व मुसलमान दालदी कोळी एका मांडवात बसले, ही गोष्ट मला त्या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची वाटते.

२००५ मध्ये केंद्राने याच सड्यावरच्या जैतापूर अणुवीज प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली, वरीलवाडा अशा गावांची मिळून सुमारे ९३८ हेक्टर जमीन संपादनात गेली. पुढे बेत वाढत गेला. १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, म्हणजे एकूण ९९०० मेगावॉट. हे एवढं पुरं झालं असतं तर जगातलं सर्वांत मोठं अणुवीज केंद्र राजापूर तालुक्यात उभं राहिलं असतं. भट्ट्या फ्रान्सच्या अरेवा कंपनीच्या, ईपीआर जातीच्या. तोवर या जातीची एकही भट्टी जगात कुठे चालू नव्हती. फिनलंडमध्ये ऑल्किलुओटोला आणि फ्रान्समध्ये फ्लामनव्हिलला बांधकामं सुरू होती आणि दोन्हीकडे रखडत होती.

जानेवारी २०१० पर्यंत जमीन कागदावर सरकारची झाली. पण सव्वादोन हजारांहून अधिक खातेदारांपैकी शंभर-सव्वाशेच जणांनी सुरुवातीला धनादेश घेतले. बाकीच्यांनी घेतले नाहीत. शहरातल्या वाचकाने या कृतीपाशी थोडं थांबावं. ही माणसं श्रीमंत नव्हती. एका कलमाच्या आंब्यावर मुलांची वर्षाची फी निघते अशी घरं. मुंबईला गेलेल्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर चालणारी घरं. पैसे घेऊन तहसीलदार दारात आला आणि म्हाताऱ्यांनी सही करायला नकार दिला. प्रवीण गवाणकर यांची जनहित सेवा समिती, मिठगवाण्याचे डॉ. मिलिंद देसाई, साखरी नाट्याचे मच्छीमार नेते अमजद बोरकर, कोकणातल्या विनाशकारी प्रकल्पांविरुद्ध लढणाऱ्या वैशाली पाटील, माजी न्यायमूर्ती बी. जी. कोळसे पाटील ही नावं तेव्हा वृत्तपत्रांत येत होती. नकार मात्र घराघरातून आला होता.

१६ मे २०१०ला माडबनला पर्यावरणाची जनसुनावणी झाली. पर्यावरण परिणामांचा अहवाल नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने केलेला, शेकडो पानांचा आणि तांत्रिक इंग्रजीतला. लोकांची पहिली तक्रार होती ती अगदी साधी: हे आम्हाला समजेल अशा मराठीत, वाचायला वेळ मिळेल इतकं आधी, गावात का दिलं नाही? दुसरी तक्रार अहवालात काय नाही याची. वापरलेल्या इंधनाचं पुढे काय होणार? अपघात झाला तर किती किलोमीटरची गावं, किती वेळात, कोणत्या रस्त्याने, कुठे हलवणार? राजापूर-जैतापूरचा रस्ता ज्याला माहीत आहे त्याला हा प्रश्न किती खरा होता ते कळेल. आणि कोळ्यांचा प्रश्न: भट्ट्या थंड करून जे कोमट पाणी समुद्रात सोडणार, त्याचं माशांवर काय होणार? रोज सुमारे ५२ अब्ज लिटर पाणी, समुद्राच्या पाण्याहून पाच अंशांनी गरम, असा आकडा त्या काळात सर्वत्र फिरत होता. ज्या माणसाला पाणी जरासं बदललं की मासा कुठे सरकतो हे बापाकडून शिकायला मिळालं आहे, त्याला पाच अंश म्हणजे काय ते प्रयोगशाळेने सांगावं लागत नाही. मुंबईच्या बीएनएचएस संस्थेनेही २०१०च्या अखेरीस इथल्या जैवविविधतेला धोका असल्याचा इशारा दिला.

२८ नोव्हेंबर २०१०ला केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी पस्तीस अटींसह मंजुरी दिली. ६ डिसेंबरला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी दिल्लीत होते आणि अरेवाबरोबर करार झाला. मंजुरी आणि पाहुण्यांची भेट यांत आठवडाभराचं अंतर. एवढा मोठा प्रश्न तारखेच्या दडपणाखाली सुटतो तेव्हा लोकांचा विश्वास उडतो, आणि तो उडाला. पुढच्याच महिन्यात डॉ. अनिल काकोडकरांनी मराठी वृत्तपत्रात लेख लिहून प्रकल्पाची बाजू मांडली. भारतावरचे आण्विक निर्बंध उठताना इतर देशांच्या व्यापारी हिताचाही विचार करावा लागला, असं त्यांनी त्यात मोकळेपणाने मान्य केलं. काकोडकरांच्या विद्वत्तेबद्दल आणि निष्ठेबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण आपल्या खाडीशेजारी कोणती भट्टी येणार हे व्यापारी देवघेवीतही ठरतं, हे कळल्यावर माडबनकर निश्चिंत कसा राहील?

गावांनी मग शाळांवर बहिष्कार घातला. अणुऊर्जा सुरक्षित असल्याचं मुलांना शिकवा, असं शिक्षकांना सांगितलं जात असल्याचा राग होता. मुलांचं शिक्षण बुडवणं ही कुठल्याही आईबापाला नको असलेली गोष्ट. ती त्यांनी केली यावरून त्यांना किती कोंडीत पकडलं होतं ते दिसतं. जमावबंदी, तडीपारी, अटका सुरू झाल्या. बाहेरून येणाऱ्या कार्यकर्त्यांना जिल्ह्यात शिरायला बंदी होऊ लागली.

या काळात शास्त्रज्ञांमध्येही एकमत नव्हतं, आणि हे सांगणं फार आवश्यक आहे, कारण ‘अडाणी लोक विरुद्ध विज्ञान’ असं चित्र पुढे सर्रास रंगवलं गेलं. अणुऊर्जा नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष डॉ. ए. गोपालकृष्णन यांनी न चाललेल्या परदेशी भट्ट्या विकत घेण्याला उघड विरोध केला. नौदलाचे माजी प्रमुख ॲडमिरल रामदास लोकांच्या बाजूने उभे राहिले. रॉजर बिलहॅम आणि विनोदकुमार गौर या दोन भूकंपशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहून म्हटलं की जैतापूर भागाचा भूकंपाचा जुना इतिहास पुरेसा ठाऊक नाही आणि सहा रिश्टरच्या वरचा धक्का तिथे अशक्य मानता येणार नाही. ज्या महाराष्ट्राने १९६७ मध्ये कोयना पाहिलं आणि १९९३ मध्ये किल्लारी पाहिलं, त्याला हा मुद्दा समजायला जड नव्हता. दोन्ही ठिकाणी आधी भूमी स्थिर असल्याचंच मानलं जात होतं.

मग ११ मार्च २०११ उजाडला. जपानच्या किनाऱ्याजवळ नऊ रिश्टरचा भूकंप झाला, त्सुनामीने फुकुशिमाच्या किनाऱ्यावरची भिंत ओलांडली, शीतकरणाची वीज गेली आणि तीन भट्ट्यांचा गाभा वितळला. जपानइतकी शिस्त, जपानइतका पैसा आणि भूकंपाचा एवढा अनुभव असलेल्या देशात हे घडलं. शिवाय फुकुशिमाच्या जुन्या भट्ट्या आणि आपल्या तारापूरच्या १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्या एकाच अमेरिकन कंपनीच्या, एकाच घराण्यातल्या. माडबनच्या लोकांना दूरचित्रवाणीवर आपल्याच प्रश्नांची उत्तरं दिसत होती.

१८ एप्रिल २०११ला साखरी नाट्यात पोलिसांनी गोळीबार केला. जमाव पोलीस ठाण्यावर चालून आला असं पोलिसांचं म्हणणं; गावाने ते मान्य केलं नाही. तबरेज सायेकर हा कोळी तरुण त्यात मेला. कोकणातल्या एका वीज प्रकल्पाच्या वादात पोलिसांच्या गोळीने माणूस मरतो, ही घटना महाराष्ट्राने जेवढ्या गांभीर्याने घ्यायला हवी होती तेवढी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत बंद झाला, दगडफेक झाली आणि पुण्या-मुंबईच्या चर्चेत दगडफेकच उरली. त्यानंतर पाचेक दिवसांतच तारापूर ते जैतापूर अशी यात्रा निघाली. तारापूरपासून निघण्याला अर्थ होता: तिथल्या नव्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली होती, आणि त्यांचं पुनर्वसन कसं झालं हे पाहूनच जैतापूरकरांनी आपलं मन ठरवावं, असं यात्रेकरूंचं म्हणणं होतं. यात्रा पोलिसांनी वाटेतच अडवली, अनेकांना ताब्यात घेतलं.

इथून पुढे लढा ओसरत गेला. राजकीय पक्षांनी तो उचलला, आणि सत्तेत गेल्यावर त्यांचा सूर बदलला. २०१३ मध्ये नुकसानभरपाई वाढवून हेक्टरी साडेबावीस लाख झाली आणि पुढच्या काळात अनेकांनी धनादेश घेतले. त्यांना मी दोष देणार नाही. जमीन सातबाऱ्यावरून गेलेली, कुंपण पडलेलं, पोरं मुंबईत, खटले डोक्यावर. मुळशीतही हेच झालं होतं. नुसत्या धैर्यावर पाच-सात वर्षं लढा चालत नाही. कोळ्यांचा विरोध मात्र टिकला, कारण त्यांना भरपाईचा कागद देणारा कुणी नव्हताच. समुद्र त्यांच्या नावावर नसतो.

आता दुसरी बाजू. ती कमकुवत नाही आणि तिला डावलून हा इतिहास लिहिणं अप्रामाणिक ठरेल. अणुभट्टी वीज करताना कार्बन वायू सोडत नाही. आपल्या विजेत अणुऊर्जेचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे आणि कोळशाचा सर्वांत मोठा. तापणाऱ्या हवामानाची किंमत आपल्याच डोंगरांनी मोजली आहे. २२ जुलै २०२१ला वरंध घाटाच्या पायथ्याशी, महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गाडली गेली. घाटाचा रस्ता तुटला, भोर आणि महाड एकमेकांपासून वेगळे पडले. सह्याद्रीचा पाऊस आता थोडक्या दिवसांत अंगावर कोसळतो, हे भोर-वेल्ह्याच्या शेतकऱ्याला भाताच्या लावणीवरून कळतं. कोकणच्या किनाऱ्यावर जयगडला कोळशावरचा मोठा प्रकल्प उभा राहिला, त्याची राख आणि धूरही कोकणचाच. मग अणुवीज नको, कोळसाही नको, धरण नको, तर काय हवं, असा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. चळवळीने ते सौर आणि पवन ऊर्जेचं दिलं. २०१० मध्ये ते अनेकांना भाबडं वाटलं. पण त्यानंतरच्या दहा वर्षांत सौर वीज इतकी स्वस्त झाली की कोळसाही तिच्यापुढे महाग पडू लागला. ईपीआर भट्ट्यांचं काय झालं? २००५ मध्ये बांधायला घेतलेली ऑल्किलुओटोची भट्टी नियमित वीज देऊ लागायला २०२३ उजाडलं. २००७ मध्ये पाया घातलेली फ्लामनव्हिलची भट्टी २०२४च्या डिसेंबरात जाळ्याला जोडली गेली. खर्च सुरुवातीच्या अंदाजाच्या चौपट. चीनच्या ताइशानमधली पहिली भट्टी २०१८ मध्ये चालू झाली आणि २०२१ मध्ये इंधनकांड्या बिघडल्याने बंद ठेवावी लागली. मधल्या काळात अरेवा कंपनी स्वतःच तोट्यात बुडाली आणि भट्ट्यांचा धंदा ईडीएफ या दुसऱ्या फ्रेंच कंपनीकडे गेला. २०१० मध्ये माडबनकरांनी विचारलं होतं, न चाललेलं यंत्र आमच्या दारात का? युरोपनेच त्याचं उत्तर दिलं. हवामान बदल थांबवायचा तर घाई करावी लागेल, आणि वीस वर्षं लागणारी भट्टी घाईच्या कामाची नाही.

कचऱ्याचा प्रश्न मात्र सर्वच नव्या तंत्रज्ञानांना लागू आहे, हे पर्यावरणाच्या कार्यकर्त्यांनीही मोकळ्या मनाने मान्य करायला हवं. सौर पाट्या वीस-पंचवीस वर्षांनी भंगारात निघणारच. जुने संगणक आणि मोबाइल यांच्या कचऱ्याचे पहिले नियम देशात २०११ मध्ये झाले आणि मे २०१२ पासून लागू झाले; तोवर या वस्तू घराघरात पोहोचून, खराब होऊन, भंगारवाल्याच्या वखारीत फुटूही लागल्या होत्या. तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्याच्या छातीत तो धूर आधीच गेला होता. वस्तू आधी आणि तिच्या कचऱ्याचा विचार मागाहून, हा आपला क्रम. ई-कचरा निदान गोळा करून, सोडवून पुन्हा वापरता येतो. अणुइंधनाचा कचरा शेकडो पिढ्यांना सांभाळावा लागतो, आणि तिथे हा क्रम परवडणारा नाही.

जबाबदारीचाही तोच घोळ. २०१०च्या अणुदायित्व कायद्याने अपघात झाला तर वीज केंद्र चालवणाऱ्याची भरपाई १५०० कोटींवर थांबवली. भोपाळनंतर सव्वीस वर्षांनी केलेल्या कायद्यात असा आकडा यावा याचं दुःख वाटतं. फुकुशिमानंतर स्वतंत्र नियामक हवा हे सरकारनेही मान्य केलं, २०११च्या सप्टेंबरात तसं विधेयक लोकसभेत आणलं. २०१४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळलं.

आणि याच रत्नागिरी जिल्ह्यात २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. मातीचं धरण, पावसाळ्यातली रात्र, खालच्या वाडीत झोपलेली माणसं. वीसच्या आसपास जीव गेले. धरण गळतंय असं गावाने आधीच कळवलं होतं. तेव्हाच्या मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं कारण सांगितलं. पानशेतला अठ्ठावन्न वर्षं झाली होती. साध्या मातीच्या बांधावरची गळतीची तक्रार ज्या व्यवस्थेला वेळेवर ऐकू येत नाही, तिने सहा अणुभट्ट्यांची हमी दिली तर लोकांनी ती का मानावी? जैतापूरकरांच्या भीतीला अज्ञान म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाला समोरासमोर उत्तर दिलेलं मी वाचलेलं नाही.

देशात धरण सुरक्षा कायदा झाला तो डिसेंबर २०२१ मध्ये, पानशेत फुटल्यानंतर साठ वर्षांनी. ठरावीक उंचीपेक्षा मोठ्या प्रत्येक धरणासाठी आपत्कालीन कृती आराखडा असला पाहिजे, असं तो सांगतो. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव, सगळी त्यात येतात. भोर आणि राजगड तालुक्यांतल्या ग्रामसभांनी आपल्या वरच्या धरणाचा आराखडा मराठीतून मागावा, गावात वाचावा, पाणी सुटलं तर भोंगा कुठे वाजणार आणि माणसं कोणत्या रस्त्याने वर जाणार हे विचारावं. त्यासाठी आंदोलन लागत नाही. ठराव आणि पाठपुरावा लागतो.

जैतापूरला आजवर एकही भट्टी उभी राहिलेली नाही. एप्रिल २०२१ मध्ये ईडीएफने सहा भट्ट्यांचा बंधनकारक प्रस्ताव दिला, बोलणी चालू राहिली, पायाचं काँक्रीट पडलं नाही. सड्याभोवती कुंपण आहे, साखरी नाट्याच्या बोटी रोज समुद्रात जातात. प्रकल्प कधी ना कधी पुन्हा वर येईल, या कंपनीचा किंवा त्या कंपनीचा. तो येण्याआधी १६ मे २०१०च्या सुनावणीत लोकांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं लेखी उत्तर, मराठीत, राजापूर तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत पोहोचलं पाहिजे: कोमट पाण्याचं, भूकंपाचं, वापरलेल्या इंधनाचं, भरपाईचं आणि पळून जायच्या रस्त्याचं. ते पोहोचेपर्यंत तिथे एक पाटी काँक्रीटही पडू नये.